‘सगळ्यांनीच हाकललं’ म्हणजे दोष हाकललेल्यांचाच?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: ज्यूंना शंभराहून जास्त देशांनी हाकललं, मग इतके सगळे चुकीचे कसे असतील? त्यांनी येशूला मारलं, सावकारी करून लोकांना नागवलं, धर्म बदलून चारचौघांसारखं राहायला नकार दिला. लोक शेवटी चिडणारच, धर्माचा यात काय संबंध? खाली हात जोडलेला इमोजी आणि ‘सत्य पुढे पाठवा’.

आधी तो आकडा बघू. यादीतले कितीतरी ‘देश’ म्हणजे जर्मनीतली शहरं आणि इटलीतली चिमुकली राज्यं आहेत, आणि एकच ठिकाण पुन्हा पुन्हा मोजलंय. फ्रान्सचंच घ्या. 1306 साली चौथ्या फिलिपने ज्यूंना हाकललं, त्यांची घरंदारं जप्त केली. लोकांनी ज्यूंकडून घेतलेली कर्जं मात्र माफ केली नाहीत. ती स्वतःच्या खजिन्यासाठी वसूल करायला घेतली. 1315 मध्ये त्याच्या मुलाने, दहाव्या लुईने, त्याच ज्यूंना बारा वर्षांच्या कराराने परत बोलावलं. जुनं कर्ज वसूल झालं तर दोन हिस्से राजाचे, एक ज्यूंचा. 1394 मध्ये पुन्हा हकालपट्टी. यादीत हे सगळं ज्यूंविरुद्धचा पुरावा म्हणून येतं. मला तर यात राजाचा रिकामा खजिना दिसतो.

शिवाय ‘इतके सगळे’ म्हणजे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आलेले लोक नव्हेत. पश्चिम युरोपात चर्च एकच होतं. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ठरवलं की ज्यूंनी ओळखू येईल असा वेगळा पोशाख घालावा. तीन वर्षांत इंग्लंडमधल्या ज्यूंना छातीवर खूण लावायचा हुकूम निघाला. एकाच वकिलाने पढवलेल्या शंभर साक्षीदारांची साक्ष कोर्ट शंभर साक्षी म्हणून धरत नाही.

येशूच्या मृत्यूचा मुद्दा लवकर संपतो. क्रुसावर चढवणं ही रोमन शिक्षा होती, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. येशू स्वतः ज्यू, त्याची आई ज्यू, शिष्यही ज्यू. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात जमाव म्हणतो की याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. त्या एका वाक्यातून साऱ्या पिढ्यांवरचा शाप काढला तो नंतरच्या धर्मपंडितांनी.

आता ‘लोक चिडले’. इथे जरा थांबू, कारण नेमकं उलटं घडलेलं दिसतं. 386-87 साली रोमन साम्राज्यातल्या अंतुखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम नावाच्या धर्मगुरूने आठ जहाल प्रवचनं दिली. वक्तृत्व असं की पुढे त्याचं नावच ‘सोनेरी मुखाचा’ असं पडलं. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, तो वेश्यागृह म्हणतो, ज्यूंना पशूंच्या पंक्तीला बसवतो. एवढा संताप कशाचा? त्याचे स्वतःचे ख्रिस्ती भक्त ज्यूंच्या सणाला जात होते, तिथे फुंकलेल्या शिंगाचा नाद ऐकायला गर्दी करत होते, उपास धरत होते. तो एक प्रसंग सांगतो: एका ख्रिस्ती बाईला एक ख्रिस्ती माणूसच ओढत सिनेगॉगमध्ये नेत होता. का, तर व्यवहाराची शपथ तिथे घेतली की ती जास्त कडक मानली जाते. म्हणजे सामान्य माणूस चिडलेला नव्हता, त्याला चिडवावं लागत होतं. ही प्रवचनं पुढे शतकानुशतकं उतरवून घेतली गेली, वाचली गेली.

सावकारीचा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो, कारण सावकार आपल्यालाही माहीत आहे. पण त्या काळी ख्रिश्चनांना व्याज घेण्याची चर्चची मनाई होती, आणि कारागिरांच्या संघांमध्ये ज्यूंना सहसा प्रवेश नव्हता. उरलेल्या वाटेने ते गेले, तरी राजाच्या मुठीतच. इंग्लंडमधल्या लिंकनचा आरन नावाचा मोठा ज्यू सावकार 1186 मध्ये वारला तेव्हा त्याची सारी येणी राजाने घेतली आणि वसुलीसाठी वेगळं खातं उघडलं. सावकार ज्यू, मालक राजा, शिव्या ज्यूला.

मार्च 1190 मध्ये इंग्लंडमधल्याच यॉर्कला काय झालं पाहा. जमावाच्या भीतीने सुमारे दीडशे ज्यू राजाच्या किल्ल्यात आसऱ्याला गेले. वेढा पडला. बहुतेकांनी आत स्वतःचा आणि घरच्यांचा जीव घेतला. बाप्तिस्मा घेतो म्हणून जे बाहेर आले, त्यांना दारातच मारलं. मग जमावाचे पुढारी थेट कॅथेड्रलमध्ये गेले, तिथे ठेवलेले कर्जरोखे काढले आणि जाळले. पुढाऱ्यांमध्ये कर्जबाजारी सरदार होते, हे सांगायला नकोच. यावर सरकारने काय शिकावं? 1194 मध्ये नियम आला की यापुढे प्रत्येक कर्जाच्या दोन प्रती ठेवायच्या. राजाचं उत्पन्न बुडायला नको!

पुढे 1275 मध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने ज्यूंच्या व्याजावर बंदी घातली. हकालपट्टी 1290 ची. म्हणजे कायद्याने व्याजबंदी होऊन पंधरा वर्षं झाल्यावर! त्या बदल्यात संसदेने राजाला भलामोठा कर मंजूर करून दिला.

चर्चच्या बाजूचंही सांगायला हवं. चर्चचा जुना धर्मपंडित ऑगस्टीन याची शिकवण होती की ज्यूंना मारू नका. फक्त तिच्यातच गृहीत होतं की ते खालीच राहतील. प्लेगच्या काळात, 1348 मध्ये, पोप सहाव्या क्लेमेंटने स्पष्ट लिहिलं की ज्यूही याच रोगाने मरतायत, आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही प्लेग आहे, तेव्हा विहिरीत विष घातल्याचा आरोप खोटा. 14 फेब्रुवारी 1349 ला स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग तिथे अजून पोचलाही नव्हता. हजार वर्षं जे पेरलं, ते एका पत्राने कसं उपटणार?

‘धर्म बदलला असता तर सुटले असते’. ज्यांनी बदलला त्यांना विचारा. 1449 मध्ये तोलेदो शहराने फर्मान काढलं की ज्यू पूर्वजांचे ख्रिस्ती लोक सरकारी पदावर नकोत. पोपने विरोध केला, तरी रक्तशुद्धीचे असले नियम स्पेनभर पसरले. आपल्या दाराशीही याचा पुरावा आहे. गार्सिया द ओर्ता हा बाप्तिस्मा झालेल्या ज्यू घरातला पोर्तुगीज वैद्य. 1534 मध्ये गोव्याला आला, काही काळ मुंबई बेट त्याच्याकडे इजाऱ्याने होतं, आणि 1563 मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. तो 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी गुपचूप ज्यू रीत पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. 1580 मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज त्याचं नाव आहे. त्याच कोकण किनाऱ्यावर, रायगडकडे, शनवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे, तेल गाळणारे बेने इस्राएल ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. गावाची त्यांच्याबद्दल तक्रार असलीच तर शनिवारी घाणा बंद असतो एवढीच असेल. त्यांच्याविरुद्ध तिथे कुणी प्रवचन दिलं नव्हतं.

हा लेख वसई-गोव्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर फेकायला दगड म्हणून कुणी वापरणार असेल, तर त्याने दुसरा शोधावा. नाझींचा वंशवाद ही वेगळी आणि नवी गोष्ट होती, हेही खरं. पण सिनेगॉग जाळा असं प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरने 1543 मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ती खरोखर जळली तेव्हा आयझेनाखच्या प्रोटेस्टंट बिशपने, हे ल्यूथरच्या जन्मदिनी घडलं म्हणून आनंदाने पुस्तिका काढली.

28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकन परिषदेने 2,221 विरुद्ध 88 मतांनी जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही. इटलीतल्या त्रेंतो शहरात सिमोन नावाच्या लहान मुलाची पूजा चाले. 1475 मध्ये ज्यूंनी त्याचा बळी दिला असं छळ करून वदवून घेतलं होतं आणि त्यासाठी माणसं जाळली होती. ती पूजाही चर्चने त्याच वर्षी बंद केली, 490 वर्षांनी.