पूल पाहावा खालून

माणसाने पूल का बांधले, याचे उत्तर अगदी सोपे आहे. दरीत उतरून पुन्हा वर चढण्याचा त्रास वाचावा, म्हणून बांधले. हे उत्तर आमच्या थोरल्या साडूभाऊंना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे, कारण त्यांची सारी नोकरी पुलांच्या कामावर गेली; तरीही ब्रिटनमधले जुने पूल पाहायला त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा आठ दिवसांत मी जितक्या दऱ्या उतरलो आणि चढलो, तितक्या पूल होण्यापूर्वीच्या काळातल्या एखाद्या टपालवाल्यानेही चढउतार केल्या नसतील.

साडूभाऊंचे म्हणणे असे की पुलावर उभे राहिले म्हणजे पूल सोडून बाकी सारे दिसते. “अहो, आपली टोपी आपल्याच डोक्यावर असली की दिसते का?” हा त्यांचा आवडता सवाल, आणि तो विचारून होईपर्यंत ते काठावरच्या निसरड्या पायवाटेने निम्मे खाली पोहोचलेले असत. त्यांच्या युक्तिवादात खोट काढता येत नाही, हीच माझी खरी अडचण होती. आधी पूल ओलांडायचा, मग तो पाहण्यासाठी खाली जायचे आणि पाहून झाल्यावर पुन्हा वर यायचे, असा प्रत्येक पुलाचा हिशेब तिप्पट होत गेला.

पहिला मान अर्थातच श्रॉपशरमधल्या सेव्हर्न नदीवरच्या आयर्न ब्रिजला मिळाला. ओतीव लोखंडाचा हा जगातला पहिला मोठा पूल 1779 मध्ये उभा राहिला आणि 1781 च्या नववर्षदिनी रहदारीला खुला झाला. लोखंडाचा एवढा पूल तोपर्यंत कोणी जोडलेलाच नव्हता, त्यामुळे कारागिरांनी सुतार लाकडी चौकट जोडतात तसे सांधे लोखंडात घालून वेळ निभावून नेली. हे सांधे पाहायचे तर पुलाच्या पोटाखाली जाऊन मान मागे टाकावी लागते, आणि साडूभाऊंनी एकेक सांधा बोटाने दाखवायचे ठरवल्यावर माझी मान त्या अवस्थेत किती वेळ राहिली, ते मी मोजले नाही. वर आल्यावर मात्र टोलघरावरच्या जुन्या फलकाने मला बरे वाटले. या पुलावरून जाणाऱ्या सैनिकांनाच काय, खुद्द राजघराण्यालाही पथकर चुकणार नाही, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले आहे. ज्यांनी तो फलक लावला, त्यांच्यात आणि साडूभाऊंमध्ये काही नाते असावे, अशी शंका मला तेव्हाच आली.

वेल्समधल्या पोंटकसल्टे जलसेतूचे नाव उच्चारताना जबड्याची जी दशा होते, तीच तो ओलांडताना गुडघ्यांची होते. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम 1805 मध्ये पूर्ण झाले. दगडी खांबांवर लोखंडाची 307 मीटर लांबीची पन्हळ ठेवलेली असून तिच्यातून कालवा वाहतो आणि कालव्यातून होड्या जातात. डी नदी सुमारे 38 मीटर खाली. पन्हळीच्या एका बाजूला पूर्वी होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली वाट आहे आणि तिला कठडाही आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची काठ तेवढी आहे, तिच्यापलीकडे थेट वेल्सची हवा. शहाणा माणूस वाटेने चालतो; साडूभाऊंनी होडी ठरवली होती. मी होडीत उघड्या बाजूला पाठ करून बसलो आणि कठड्याचे गज मोजत राहिलो, त्यामुळे त्या सुप्रसिद्ध दृश्याबद्दल मला फारसे सांगता येणार नाही. एवढे करून उतरल्यावर ते म्हणाले, “चला, आता पूल पाहू या,” आणि आम्ही डी नदीच्या दिशेने खाली निघालो.

हंबर नदीवरच्या 1981 सालच्या झुलत्या पुलाने माझ्यावर उपकार केले, कारण तिथला प्रदेश सपाट आहे. त्या पुलाचे दोन मनोरे पायथ्यापेक्षा माथ्याशी एकमेकांपासून 36 मिलिमीटर दूर आहेत, कारण दोन्ही ओळंब्यात उभे आहेत आणि त्यांच्यामधली पृथ्वी गोल आहे. ते 36 मिलिमीटर डोळ्यांनी ओळखण्याचा साडूभाऊंचा प्रयत्न बराच वेळ चालला, आणि तेवढा वेळ मी एका बाकावर सुखाने झोपलो.

स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनन येथे तर उलटाच न्याय निघाला. तिथला 21 कमानींचा, काँक्रीटचा, वळत जाणारा रेल्वेपूल नीट दिसण्यासाठी डोंगर चढावा लागतो. वाफेच्या इंजिनाची गाडी येईपर्यंत आम्ही वाऱ्यात उभे होतो, आणि ती आली तेव्हा तिच्या खिडक्यांतून लोक आमच्याकडे ज्या उबदार नजरेने पाहत होते, ती पाहून मी मनाशी एक निश्चय केला.

तो निश्चय फोर्थच्या पुलापाशी अमलात आणला. 1890 मध्ये खुला झालेला हा सुमारे अडीच किलोमीटरचा तांबडा रेल्वेपूल रंगवण्याचे काम कधी संपतच नाही, अशी समजूत इतकी रुजलेली होती की न संपणाऱ्या कोणत्याही कामाला इंग्रजीत त्याचीच उपमा देतात. साडूभाऊंबरोबरच्या सहलीलाही ती शोभली असती. “तुम्ही खालून पाहा, मी रेल्वेने पलीकडे जाऊन येतो,” असे मी त्यांना शांतपणे सांगितले. गाडीतून मला तांबड्या लोखंडाचे पट्टे भराभरा मागे जाताना दिसले, पूल असा दिसलाच नाही, आणि मी त्याबद्दल अत्यंत समाधानी होतो. त्याच समाधानात परतून डॅलमेनी स्थानकावर उतरलो, तेव्हा लक्षात आले की स्थानक वर टेकाडावर आहे, साडूभाऊ खाली किनाऱ्यावर आहेत, आणि भाड्याच्या मोटारीच्या किल्ल्या त्यांच्या खिशात आहेत.

मी पायऱ्या उतरून खाली पोहोचलो, तेव्हा त्यांनी नुकताच काढलेला फोटो दाखवला. महाकाय लोखंडी सांगाड्यातून काडीएवढी गाडी चाललेली होती. “तिसऱ्या डब्यात तुम्ही,” ते म्हणाले. मी दुसऱ्या डब्यात होतो.