अंगठा भरत नाही त्याची गोष्ट

विळीवर दुधी चिरताना डाव्या अंगठ्याला लागलं, त्याला आता महिना होईल. दोन दिवस बरं वाटतं, खपली धरते, की सासूबाईंना आंघोळ घालताना परत उकलते. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, शुगर तपासून घे." घेतली. नॉर्मल निघाली.

सासूबाईंना अल्झायमर आहे. चौथं वर्ष. रात्री दोनला उठून दाराची कडी काढतात आणि "मला घरी सोड" म्हणतात. परत झोपवेपर्यंत साडेतीन. लोक म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस गं." मन राहू दे हो बाजूला, कातडीचं बोलू.

१९९५ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी घरी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच एक) माणसाचं करणाऱ्या १३ बायका घेतल्या. त्यांच्याच वयाच्या, साधारण तेवढीच घरची मिळकत असलेल्या, पण ही जबाबदारी नसलेल्या आणखी १३. सगळ्यांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची, म्हणजे मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान जखम केली आणि भरायची वाट पाहिली. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले. करणाऱ्या बायकांना जवळजवळ ४९.

कारण मला फार पटलं. कापलं की तिथल्या पेशी आरडाओरडा करतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही त्या हाकांची नावं. त्या ऐकून काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला येतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येऊन मेलेलं सगळं उचलतात आणि मग नवी कातडी विणणाऱ्यांना बोलावतात. लाली, सूज, ठणका म्हणजे हीच धावपळ. (हाका थांबल्याच नाहीत तरी पंचाईत. मधुमेहातल्या पायाच्या जखमा चिघळत राहतात, त्यात हाही एक भाग असतो.) सततच्या ताणाने वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक पहिली हाकच दाबतं. त्या १३ जणींच्या रक्तातल्या पेशी मुद्दाम डिवचल्या, तेव्हा इंटरल्यूकिन-१ चा निरोप दुसऱ्या गटापेक्षा कमी उमटला.

वयाचं असेल म्हणाल, तर १९९८ मध्ये त्याच गटाने दातांच्या कॉलेजातली ११ मुलं घेतली. टाळूला तेवढीच जखम, एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. तीच मुलं, तीच टाळू, आणि परीक्षेत ४० टक्के वेळ जास्त.

आता माझ्या अंगठ्याचं खापर मी सगळं ताणावर फोडत नाही. दिवसातून दहादा भांड्यांच्या पाण्यात हात जातो, तेही आहेच. पण "वहिनी खंबीर आहेत" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. खंबीर बाईच्याही पांढऱ्या पेशी उशिरा येतात. अंगठ्यावर मलम चालेल, हळदही चालेल म्हणा, पण मला हवी आहे ती सलग झोप. आणि ती द्यायला घरात दुसरं माणूस लागतं, सल्ला नाही.

परवा धाकट्या भावोजींचा फोन आला. नेहमीचंच, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." मी म्हटलं, "भावोजी, पुढच्या महिन्यात आठ दिवस तुम्ही निर्धास्त नाही. आईंच्या खोलीत तुमची गादी घालून ठेवते." पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, तिकीट बघतो.

अजून बघतायत.