कोण म्हणतं शेंगेनवर सरसकट नव्वद दिवस मिळतात?

म्हापसा असो की मडगाव, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर एकच पालुपद: ‘शेंगेन काढा, नव्वद दिवस आरामात राहा!’ शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. पण नव्वद दिवस, अरे, कोणी सांगितलं? नव्वद ही कमाल मर्यादा आहे. तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस दिलेत ते व्हिसाच्या स्टिकरवर छापलेलं असतं. पण ते वाचायची तसदी एजंटही घेत नाही आणि पैसे मोजणाराही नाही.

स्टिकरवर पासून-पर्यंतच्या तारखा वेगळ्या असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे. 5 मे ते 3 जून अशी मुदत आणि दिवस 15 असतील, तर त्या तीस दिवसांत फक्त 15 राहायचं. उरलेले पंधरा दिवस, तारखा मागे-पुढे झाल्या तर सोय म्हणून दिलेले असतात, फुकटचा मुक्काम म्हणून नाही. उतरलात तो दिवस धरायचा, निघालात तोही धरायचा. पंधराव्या रात्री विमानतळावर पोचून मध्यरात्रीनंतर पासपोर्ट दाखवलात की झाला सोळावा दिवस! हे तिकीट काढताना सांगायला एजंटाचं काय जातं?

एंट्रीचा रकाना तर कोणी बघतच नाही. तिथे 01 असेल तर एकदाच आत शिरायचं. आपल्याकडची लाडकी सहल म्हणजे लिस्बनला उतरायचं, ब्रिटनमधल्या स्विंडनला भाच्याकडे जाऊन यायचं आणि परत लिस्बनहून गोवा. ब्रिटन शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे स्विंडनला निघालात तिथेच शेंगेन व्हिसा संपला, परतीचं तिकीट कागदाचा तुकडा. शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो तो लागतोच.

मल्टिपल एंट्रीवाल्यांचा गोंधळ आणखी मोठा. ‘बाहेर पडलो की मीटर शून्यावर येतो’ ही शुद्ध थाप आहे. तिथे असताना रोज, तो दिवस धरून मागचे 180 दिवस मोजायचे आणि त्यातले शेंगेन देशांत काढलेले दिवस नव्वदच्या वर जाता कामा नयेत. समजा 10 जानेवारी ते 9 मार्च 2026 राहिलात, म्हणजे 59 दिवस. मग किनाऱ्यावरचा शॅक पावसाळ्यासाठी बंद झाल्यावर 1 जूनला परत गेलात. शिल्लक 31. म्हणजे 1 जुलैला गाशा गुंडाळायचा, 2 जुलैला तुम्ही ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीपलीकडे राहिलेले. जानेवारीतले दिवस हिशेबातून गळायला लागतात ते 9 जुलैपासून. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर त्यासाठी फुकट कॅल्क्युलेटर आहे, पण हजारो रुपये सर्व्हिस चार्ज घेणाऱ्याला ते उघडायला हात नाहीत! पूर्वी पासपोर्टवरच्या पुसट शिक्क्यावर एखादा निभावून जायचाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून येण्याजाण्याची नोंद संगणकावर जाऊ लागली आहे, चेहऱ्याच्या फोटोसकट. मशीन काही ‘असू दे बाबा’ म्हणणार नाही.

आता आपला खास गोमंतकीय गैरसमज. मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून आईबाबांना सगळं माफ, असं नाही. तो जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहत असेल आणि आईबाप त्याच्यावर अवलंबून आहेत हे कागदांनी दाखवता आलं, तर व्हिसाची फी लागत नाही. हे मात्र कोणी सांगत नाही, उगाच फी भरून घेतात. उलट तो पोर्तुगालमध्येच राहत असेल तर ही सवलत एरवी नाही, आणि पाहुणे म्हणून तुम्ही ब्रिटनला निघालात तर तो पासपोर्ट तुमच्या व्हिसाला काडीचाही उपयोगाचा नाही.

कागदांचं तर विचारूच नका. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा एकही दिवस न सोडणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. अर्ज आधी सहा महिन्यांपासून करता येतो, तरी सगळे मे महिन्यासाठी एप्रिलात जागे होतात आणि मग अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दलालाचे खिसे भरतात. अर्जाच्या आठवड्यात काकांकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे हा सल्ला देणाऱ्याला तर पणजीच्या चर्चसमोर उभा करायला हवा. स्टेटमेंटवर ती रक्कम कुठून आली हे अधिकारी बघतोच. पणजीच्या व्हिसा अर्ज केंद्रावर नुसते कागद आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय वकिलातीचा असतो, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून काही होत नाही.

आणि नकार आला की छापील फॉर्मवर एक खूण: मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल वाजवी शंका. फीचे 90 युरो गेले ते गेलेच. एजंट? तो म्हणणार, ‘परत एकदा टाकूया की!’