‘लाल रेषेला घाबरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा जवळ आला की कोल्हापूर-सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘निळी रेषा, लाल रेषा हा सगळा कागदी खेळ आहे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आज तुमचं घर अडवतात. भराव टाका, जोतं तीन फूट उचला आणि बांधून मोकळे व्हा. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येतो, तुमच्या घरामुळं नाही. जागा नावावर आहे, घरफाळा भरताय, कोण पाडणार? परवानगी म्हणजे पैसे खायचं कुरण.’

घरांचे नकाशे करणं हे माझं रोजचं काम. गेल्या महिन्यात दोन कुटुंबं माझ्याकडं आली. दोघांनीही विसार देऊन ठेवला होता आणि एकानं तर हाच मेसेज मला वाचून दाखवला. आयुष्याची कमाई घालायला निघालेल्या माणसाला असं काही वाचायला मिळावं याचा मला त्रास होतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी रेषा म्हणजे काय ते. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध: बाग, पार्किंग, भाजीबाजाराचे ओटे, स्मशानभूमी असल्या गोष्टी चालतात, नवं घर चालत नाही. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित: तिथं घर बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवी. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता ‘शंभर वर्षांतून एकदा’. हे ऐकून माणसाला वाटतं, पूर २०२१ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, आणि काल येऊन गेला म्हणून ती आज कमी होत नाही. तीस वर्षं त्या घरात राहायचं धरलं तर त्या काळात एकदा तरी लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता होते २६ टक्के. चार घरांतलं एक. निळ्या रेषेचा हिशेब केला तर तीस वर्षांत सुमारे ७० टक्के. गृहकर्जाचे हप्ते फिटायच्या आत पाणी घरात येण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडं तर आकडेमोड करायचीही गरज नाही. २००५, २०१९, २०२१: सोळा वर्षांत तीन महापूर. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर होतं.

याला जोडूनच एक गैरसमज सांगतो, कारण तो मेसेजपेक्षाही जास्त पसरलेला आहे. ‘पंचगंगा छप्पन्न फुटांवर गेली तरी आमच्या प्लॉटवर पाणी नव्हतं’ असं लोक छातीठोक सांगतात. बंधाऱ्यावरचे फूट त्या जागेच्या मापपट्टीवरचे असतात. तुमच्या प्लॉटची पातळी मोजायची ती समुद्रसपाटीपासून, मीटरमध्ये. दोन्हींचा थेट संबंध लावता येत नाही. मधे रस्ता उंच झाला, ओढा अडला, पलीकडं भराव पडला, की मागच्या वेळी कोरडा राहिलेला प्लॉट पुढच्या वेळी पाण्यात जातो.

‘जोतं तीन फूट उचला.’ तीन फूट कशापासून? लोक मोजतात रस्त्यापासून, नियम मोजतो लाल रेषेपासून. सगळी फसगत इथं होते. उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा प्लॉटची जमीन ५४३.१० मीटरवर आहे आणि तिथली लाल रेषेची पातळी ५४५.६० मीटर. नियमानं जोतं येतं ५४६.०५ वर. म्हणजे जमिनीपासून २.९५ मीटर, साडेनऊ फुटांहून जास्त. मेसेजप्रमाणं तीन फूट जोतं घेऊन घर बांधलंत, तर लाल रेषेइतक्या पुरात तुमच्या हॉलमध्ये पाच फूट पाणी उभं असेल. कपाट, फ्रीज, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं त्या पाच फुटांच्या आत येतं. अशा प्लॉटवर शहाणपणाचं घर म्हणजे खांबांवरचं: खाली मोकळं पार्किंग, राहतं घर पहिल्या मजल्यापासून. खर्च वाढतो हे खरं. पण तो खर्च जागा घेण्याआधी कळला तर जागेच्या भावात घासाघीस तरी करता येते.

आणि भराव. तीन गुंठ्यांवर अडीच मीटर भराव म्हणजे सुमारे साडेसातशे घनमीटर, दहा हजार लिटरचे पंचाहत्तर टँकर. एवढं पाणी जिथं मावत होतं ती जागा तुम्ही मुरूम टाकून भरलीत. एका प्लॉटनं महापुराची उंची वाढत नाही, हे मी मान्य करतो. पण भराव कधी एका प्लॉटवर थांबलेला पाहिलाय? पहिल्यानं टाकला की शेजारच्याच्या दारात पाणी तुंबतं, मग तो टाकतो, मग त्याच्या मागचा. मधला ओढा गटाराएवढा उरतो. नदी पात्राबाहेर पडायच्या आधीच वस्तीत पाणी भरतं ते यामुळं.

घरात पाणी दारातून येतं असंही समजू नका. २०२१ नंतर एका घरी गेलो होतो. उंबऱ्याला वाळूच्या पोत्यांची भिंत केलेली होती आणि दार शाबूत होतं. पाणी आलं होतं संडासाच्या भांड्यातून. ड्रेनेज उलटं फिरलं आणि मैलापाणी आतूनच चढलं. जमिनीखालची पाण्याची टाकी त्याच पाण्यानं भरलेली. लाइटचा मीटर जिन्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर. घरातल्या आजी जिन्यावर बसून फक्त एवढंच विचारत होत्या, ‘हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?’ ड्रेनेजच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, मीटर आणि स्विचबोर्ड वरच्या मजल्यावर, टाकीचं तोंड पूरपातळीच्या वर: बांधतानाच केलं तर हे काम फार खर्चाचं नाही.

‘पूर अलमट्टीमुळं येतो.’ या विषयावर आपल्याकडं पोटतिडकीनं बोललं जातं आणि मी ते हलक्यात घेत नाही. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. हा निष्कर्ष न पटणारे जाणकार आहेत, त्यांनी वाद जरूर घालावा, धरणांचा विसर्ग वेळेवर व्हावा म्हणून भांडावंही. पण क्षणभर धरू की सगळा दोष अलमट्टीचाच. तरी पाणी येतं ते तुमच्याच घरात, त्याच उंचीपर्यंत. कारण कुणाचंही असो, जोतं कुठं घ्यायचं याचं उत्तर बदलत नाही. चिपळूणला २०२१ नंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्याची मागणी झाली, ती रास्तच होती. गाळ काढल्यावर नव्यानं मोजणी करून रेषा बदलून घ्या. ती बदलेपर्यंत मात्र आहे ती रेषा धरूनच बांधा.

‘नावावर आहे, घरफाळा भरताय, कोण पाडणार?’ पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत विचारा. इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. जागा लोकांनी पैसे मोजून घेतल्या होत्या. खरेदीखतानं जागेची मालकी मिळते, बांधायचा हक्क मिळत नाही. घरफाळा अनधिकृत बांधकामालाही लागतो. भरला म्हणून ते अधिकृत होत नाही. छोट्या प्लॉटसाठी परवानगीची पद्धत सोपी केली आहे, तिचाही असाच उलटा अर्थ लावला जातो. त्या सवलतीनं पूररेषेचा नियम पुसला जात नाही.

राहिलं ‘पैसे खायचं कुरण’. इथं मी मेसेज लिहिणाऱ्याला खोटं म्हणणार नाही. नदीकाठच्या एका प्रस्तावासाठी मी स्वतः एका कार्यालयात चार महिने खेटे घातलेत. एका टेबलावर सांगायचे ‘तिकडून दाखला आणा’, तिकडं सांगायचे ‘त्यांचं पत्र आणा’. माणूस कंटाळतो आणि विनापरवाना बांधतो. ही संतापाचीच गोष्ट आहे. पण कारकुनाचा राग काढताना आपण दाखल्यावरचा आकडाच फेकून देतो. जलसंपदा विभागाच्या पूररेषा दाखल्यात तुमच्या जमिनीच्या गटाजवळची निळ्या आणि लाल रेषेची पातळी मीटरमध्ये मिळते. त्या कागदावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या माहीत नसल्यानं लोक उगाच चोरून बांधतात. प्लॉटचा काही भाग पूररेषेत आणि उरलेला बाहेर असेल, तर पूररेषेतल्या भागाचा एफएसआय (जागेच्या मानानं किती बांधता येईल ते प्रमाण) बाहेरच्या भागावर वापरायला मिळू शकतो. जागा पूर्ण वाया जात नाही. आणि निळ्या रेषेच्या आत जुनं, अधिकृत घर असेल, तर जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीनं त्याची पुनर्बांधणी करता येते, जोतं लाल रेषेच्या दीड फूट वर घेऊन. पडायला आलेल्या वाड्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्यांनी हे जरूर विचारून घ्यावं.

क्रम एवढाच ठेवा: विसार द्यायच्या आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, नगररचनेकडून झोन दाखला, जलसंपदाकडून पूररेषा दाखला. मग सर्व्हेअरकडून प्लॉटची पातळी काढून घ्या. विसार त्यानंतर.

त्या दोन कुटुंबांपैकी एकाच्या प्लॉटवर आम्ही मागच्या रविवारी गेलो. सर्व्हेअरनं लेव्हल मशीन लावलं, मुलानं मापपट्टी धरली. लाल रेषेची उंची पट्टीवर जिथं आली तिथं मी खडूनं खूण केली. ती त्या मुलाच्या डोक्याच्या वर, हात उंच केला तर बोटं टेकतील एवढ्यावर होती. त्याची आई बराच वेळ त्या खुणेकडं बघत उभी राहिली, मग नवऱ्याला म्हणाली, ‘उद्याच्या उद्या एजंटला फोन लावा.’