सव्वा सूत

डॉक्टरांनी माझा डावा खांदा वर-खाली, मागे-पुढे करून पाहिला, मी दोनदा ‘आई गं’ म्हणून घेतलं, मग त्यांनी विचारलं, “जड काय उचलता?” बँकेतून निवृत्त झालेला माणूस काय उचलणार, फार तर दळण. पण खरं सांगणं भाग होतं. “रायफल,” मी म्हटलं. डॉक्टरांनी खांदा सोडला.

घाबरण्यासारखं काही नाही. बालेवाडीच्या रेंजवर मी पॉइंट टू टू रायफलने पन्नास मीटरवर नेम धरतो. तिथे दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं, आणि त्या गुंडीला मी आजवर फारसा त्रास दिलेला नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटरच्याच थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून सोसायटीत लोक लिफ्टमध्ये विचारतात, “मग, पुढच्या वेळी तुम्ही का?” चेहरा अगदी सरळ ठेवून विचारतात.

रायफल जुनी, दुसऱ्या हातची, रीतसर लायसन्सवर चढवलेली. सहा किलो. त्यातला मोठा वाटा नळीचा. इकडून तिकडे सारखी जाड, 22 मिलिमीटर, वरवंट्याच्या जातीची. डॉक्टर म्हणाले, “एक तर बंद करा, नाहीतर हलकी घ्या.” हिने वाक्याचा पहिला अर्धा ऐकला, मी दुसरा. तीस वर्षं आमचं असंच चाललंय.

नवी घेणं परवडणारं नव्हतं. मग हीच बारीक करून घ्यावी, असं डोक्यात आलं. कागदावर हिशेब मांडला. नळी 66 सेंटिमीटर लांब, 22 ची 18 मिलिमीटर केली तर साधारण साडेसहाशे ग्रॅम लोखंड उतरतं. कारखान्याच्या भाषेत व्यासात सव्वा सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सव्वा सुताला असे किती पैसे पडणार!

माझा मेहुणा भोसरीत टर्नर आहे. त्याला फोन केला. “दाजी, आणा की रविवारी. अर्ध्या तासाचं काम. पैसे कसले देता, चहा पाजा.” वर म्हणाला, “वाटलं तर पुढून वीतभर कापून टाकू, आणखी हलकी होईल.” त्याला सांगावं लागलं, की बाबा रे, 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्यानेच करायची, हे पाचवं कलम, आणि नळी आखूड करायला सहावं कलम वेगळं ठेवलंय. म्हणजे तू आणि मी दोघं एकाच खोलीत चहा पिऊ, पण तो सरकारी असेल. मेहुणा जरा वेळ गप्प बसला. “मग रविवारी नुसते जेवायला या,” म्हणाला.

तेव्हा परवानावाला मिस्त्री. कॅम्पातल्या एका गल्लीत, जिना चढून वर. रिक्षावाल्याने पेटीकडे बघून “क्लासिकल का लाइट?” विचारलं, मी “क्लासिकल” म्हटलं आणि विषय संपवला.

मिस्त्री सत्तरीचे. पेन्सिल कानावर, चष्मा कपाळावर. आधी लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं, मग बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरून आतून पाहिली. इतक्या मायेने माझ्याकडे कुणी पाहिल्याचं आठवत नाही.

“होईल,” म्हणाले. “बत्तीस हजार.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. सव्वा सूत, मी आठवण करून दिली.

“साहेब, पैसे सुताचे नाहीत,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल काढली. नळी आधी अ‍ॅक्शनमधून, म्हणजे गोळी भरायच्या यंत्रणेतून, सोडवायची. लेथवर चढवायची, पण बाहेरून धरून चालत नाही, कारण भोक बाहेरच्या अंगाच्या बरोबर मधोमध असतंच असं नाही. डायल लावून भोकाचं केंद्र शोधायचं, त्यातच दुपार जाते. एवढी लांब नळी टूल लागलं की थरथरते, तिला मध्ये स्टेडीचा आधार द्यायचा. कट केसाएवढा घ्यायचा, थांबायचं, गार होऊ द्यायची. आणि एवढं करून आतले, गोळीला फिरकी देणारे आटे दाब देऊन पाडलेले असतील तर बाहेरचं लोखंड कमी केल्यावर कोंडलेला ताण सुटतो आणि भोक किंचित सैल होतं.

“म्हणजे नेम बिघडू शकतो?”

“तुमचा नेम कसा आहे?”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

पुढे तोंड पुन्हा कापून साफ करायचं, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. मग काळा मुलामा, नाहीतर पुण्याच्या पावसात आठवड्यात गंज. मग दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो तो भाग. नळी बारीक झाली की दस्त्यातली खाच सैल दिसणार, ती भरून घ्यायची. म्हणजे बत्तीस हजारांत नळीचं वजन काढायचं आणि त्यातलंच थोडं दस्त्यात परत भरायचं. चाचणीच्या गोळ्या तुमच्या.

घरी हिला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता भागाकार केला. “म्हणजे किलोला एकोणपन्नास हजार. आणि काढलेलं लोखंड?” ते त्यांच्याकडेच राहतं, मी म्हटलं. “सोनारसुद्धा घट सांगून धरतो,” ती म्हणाली आणि मेथीच्या देठाचा अकारण जोरात तुकडा पाडला.

तरी आठ दिवसांनी मी पुन्हा जिना चढलो. घासाघीस करायला. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, रायफल हातात तोलली आणि एकदम दस्त्याच्या मागची रबरी पट्टी खोलली. आत पोकळी, आणि पोकळीत जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला शिशाचा गोळा. काट्यावर ठेवला, सहाशे दहा ग्रॅम!

मला हर्ष मावेना. बत्तीस हजारांचं काम स्क्रू ड्रायव्हरने झालं होतं. “घ्या खांद्याला,” मिस्त्री म्हणाले. मी घेतली, डावा हात पुढे लावला, आणि रायफलने सरळ जमिनीकडे मान टाकली. सगळा भार पुढे, म्हणजे नेमका डाव्या खांद्यावर. आधीच्या मालकाने तो गोळा विसरून ठेवलेला नव्हता. पुढच्या जड नळीला मागून तोल म्हणून घातलेला होता.

“आता हे बाहेर ठेवायचं तर नळी सव्वा सुताने भागणार नाही,” मिस्त्री म्हणाले. “दोन सूत काढावं लागेल.” त्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला.

मी तो हात हवेतच धरला. “गोळा परत आत घाला.”

त्यांनी चिंधीसकट आत बसवला, पट्टी आवळली आणि पावती फाडून दिली. ती मी शर्टाच्या खिशात विसरलो, त्यामुळे धुण्याआधी हिच्या हाती लागली. खिडकीपाशी नेऊन तिने मोठ्याने वाचली, “काढणे, चारशे. बसवणे, चारशे.” मग माझ्याकडे वळली.

“दात दाखवायला कधी गेला होतात?”