आकाशगंगेच्या फौजेत कमांडो किती असावेत?

मराठीत अंतराळयुद्धाच्या कथा, कॉमिक्स, गेमसाठी जगं रचणारे आता बरेच झालेत आणि त्यांच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो: "साम्राज्याची फौज शंभर कोटींची आहे, मग कमांडो किती दाखवू?" उत्तरही ठरलेलं असतं. एक टक्का दाखव. आता शंभर कोटींचा एक टक्का म्हणजे एक कोटी. एक कोटी माणसांच्या दलाला 'निवडक' म्हणायचं तर निवड कशातून केली, हे तरी सांगावं लागेल.

माझं म्हणणं सरळ आहे. टक्केवारी काढूच नका. कमांडोंचा आकडा ठरतो तो तळापासून संकटापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळावरून. बाकी सगळं त्यानंतर.

टक्केवारी फसवी का, ते आधी पाहू. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडखाली साधारण ७० हजार लोक आहेत आणि नियमित फौज १३ लाखांच्या आसपास. म्हणजे पाच टक्के झाले की! पण या ७० हजारांत पायलट आले, मेकॅनिक आले, गुप्तवार्तावाले, रसदवाले, कार्यालयातले, राखीव दलातले, सगळे आले. दार फोडून आत शिरणारे त्यातले थोडेच. उलट ब्रिटनच्या २२ एसएएस या कमांडो रेजिमेंटची रचना बघा. चार स्क्वॉड्रन, प्रत्येकात १६ जणांचे चार ट्रूप, प्रत्येक ट्रूपमध्ये चौघांच्या चार टोळ्या. कागदावर गुणाकार केला तर २५६. एकीकडे ताट-वाट्यांसकट मोजलंय, दुसरीकडे नुसते जेवणारे. लेखक एका देशाचा एक आकडा उचलतात, दुसऱ्याचा दुसरा, आणि त्यांची सरासरी काढून मोकळे होतात.

आता वेळेचं बोलू. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री मुंबईत हल्ला सुरू झाला. एनएसजीचा, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी कमांडो दलाचा, तळ हरियाणात मानेसरला. दिल्ली-मुंबई विमानाने दोन तास. तरीही जवान प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत २७ ची सकाळ उजाडली, कारण जवान नेणारं आयएल-७६ विमान चंडीगडला उभं होतं, ते दिल्लीला आणायचं, माणसं आणि सामान चढवायचं, मुंबईत उतरल्यावर विमानतळ ते दक्षिण मुंबई हा रस्ता परत वेगळा. जवान कमी पडले म्हणून हा उशीर झाला नव्हता. मानेसरला आणखी हजार जवान असते तरी एक मिनिट वाचलं नसतं. म्हणून २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद अशी चार केंद्रं उघडली. संख्या वाढली ती केंद्रं वाढली म्हणून. नेमकं हेच आकाशगंगेला लावायचं.

एक नमुना हिशोब करू. वस्ती असलेले ग्रह १०,०००. प्रत्येक ग्रहावर सरासरी एक लाख सैनिक, म्हणजे एकूण शंभर कोटी. आकाशगंगेची तबकडी साधारण एक लाख प्रकाशवर्षं व्यासाची धरतात. तिचे १०० विभाग पाडले तर एका विभागाची त्रिज्या पाच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास येते (वर्तुळं एकमेकांवर चढतात, कडेला फटी राहतात, ते सोडून द्या). ओलीसनाट्य झालं तर ४८ तासांत कमांडो दारात हवेत, अशी अट घालू. म्हणजे यानाचा वेग दिवसाला २,५०० प्रकाशवर्षं हवा.

एका विभागात १०० ग्रह. एकाच वेळी तीन ठिकाणी पेटू शकतं असं धरू. प्रत्येक ठिकाणी ६४ जणांचं एक स्क्वॉड्रन, म्हणजे १९२. पण हे १९२ जण वर्षाचे बाराही महिने बूट घालून बसणार नाहीत. एक भाग सज्ज, एक सरावात, एक सुट्टीवर किंवा जखमा भरून निघण्याच्या वाटेवर. म्हणून गुणिले तीन: ५७६. मुख्यालयाची माणसं धरून ६००. गुणिले १०० विभाग: साठ हजार. शंभर कोटींच्या फौजेत ०.००६ टक्के! हा आकडा लिहिताना हात थरथरतो खरा, पण वरच्या अटी मान्य असतील तर एवढेच पुरतात.

आता गंमत बघा. यानाचा वेग एक दशांश करा, दिवसाला २५०. त्रिज्या एक दशांश झाली की क्षेत्रफळ एक शतांश होतं, म्हणजे तळ शंभराचे दहा हजार. जवळपास प्रत्येक ग्रहाला एक. एका ग्रहावर एका वेळी एकच संकट धरलं तरी एक स्क्वॉड्रन गुणिले तीन, १९२ माणसं. एकूण एकोणीस लाख वीस हजार. तेच साम्राज्य, तेच ग्रह, तीच फौज, फक्त इंजिन मंद, आणि कमांडो ३२ पट. टक्केवारीवाल्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावं.

निरोपाचाही वेग मोजावा लागतो, आणि हे जवळजवळ सगळेच विसरतात. निरोप क्षणात पोहोचत असेल तर वरचा हिशोब ठीक. पण तुमच्या जगात प्रकाशापेक्षा वेगाने फक्त यानच जात असेल, तर आधी कोणीतरी यान घेऊन तळावर सांगायला यायचं आणि मग कमांडो निघायचे. ४८ तासांतले २४ बातमीतच गेले. त्रिज्या निम्मी, तळ चौपट, १०० चे ४००. जुन्या डाकेच्या काळासारखं जग रंगवायचं असेल तर ही सोन्याची खाण आहे: कमांडो पोहोचतात तेव्हा ओलीस धरणारे कधीच निघून गेलेले असतात, आणि ग्रहावरच्या साध्या पलटणीने काय गोंधळ घालून ठेवलाय तो निस्तरायचं काम उरतं.

एक बारीक मुद्दा. तबकडीची जाडी साधारण हजार प्रकाशवर्षं धरतात. म्हणून विभाग त्याहून बराच मोठा असेल तोवर वर्गाचा (क्षेत्रफळाचा) हिशोब चालतो. राज्य दोन-तीनशे प्रकाशवर्षांतच मावत असेल तर घनाचा (आकारमानाचा) लावा. तिथे वेग दुप्पट केला की तळ एक अष्टमांशावर येतात.

आता यानांचं बोलू. १९८० च्या एप्रिलमध्ये इराणमधले ओलीस सोडवायला अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरं पाठवली. मोहिमेला किमान सहा हवी होती. एक वाटेत सोडून द्यावं लागलं, एक धुळीच्या वादळातून मागे फिरलं, एकाची हायड्रॉलिक यंत्रणा वाळवंटातल्या थांब्यावर बिघडलेली निघाली. उरली पाच. मोहीम रद्द झाली आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या विमानावर आदळून आठ जण गेले. कमांडो सगळे धडधाकट होते, अडलं ते वाहनांपाशी. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात त्याची दुसरी बाजू दिसली. १४-१५ मेच्या रात्री पेबल बेटावर एसएएसच्या ४५ जणांनी धावपट्टीवरची अर्जेंटिनाची ११ विमानं निकामी केली, आणि चारच दिवसांनी एक सी किंग हेलिकॉप्टर समुद्रात पडून २२ जण मेले, त्यातले १८ एसएएसचे. एका अपघातात एका ट्रूपहून जास्त माणसं.

यावरून कथेतल्या यानांसाठी दोन नियम निघतात. एका यानात एका ट्रूपपेक्षा जास्त माणसं बसवू नका. आणि चार यानं लागणार असतील तर सहा पाठवा. तीन संकटांना अठरा यानं, शिवाय एक तृतीयांश ताफा कायम दुरुस्तीत असणार म्हणून प्रत्येक तळावर सत्तावीस. सहा जणांचा चालकवर्ग दोन पाळ्यांत, म्हणजे ३२४. यानामागे २० तंत्रज्ञ, ५४०. गुप्तवार्ता आणि नकाशे ४००, संदेशवहन २००, डॉक्टर-परिचारक २००, शस्त्रागार आणि रसद ४००, बाहेरचा घेरा धरणारं पायदळ ३००. बेरीज अडीच हजाराच्या जरा खाली. सहाशे लढवय्यांमागे एवढा पसारा लागतोच. तो नसेल तर तुमचे सहाशे शूरवीर तळावर पत्ते कुटत बसतील. आकडे माझे अंदाजाचे आहेत, पाहिजे तर बदला, पण लढणाऱ्यामागे चार माणसं या प्रमाणाच्या फार खाली जाऊ नका.

"एवढी माणसं आहेत तर कमांडो वाढवायला काय हरकत आहे?" हरकत शिक्षकांची आहे. साठ हजारांच्या दलातून दरवर्षी दहा टक्के माणसं मरतात, जायबंदी होतात, वय होऊन बाहेर पडतात. सहा हजार नवे हवेत. दहातला एक टिकतो असं धरलं तर साठ हजार उमेदवार. दहा उमेदवारांमागे एक शिक्षक, म्हणजे सहा हजार शिक्षक, आणि ते जुने कमांडोच असावे लागतात. एवढं करून दल फक्त आहे तेवढं राहतं. एका वर्षात दुप्पट करायचं ठरवलं तर भरतीसकट ६६ हजार पास व्हायला हवेत, त्याला ६६ हजार शिक्षक. म्हणजे अख्खं दल वर्गात उभं करूनही सहा हजार कमी. सम्राट फर्मान काढतो आणि पुढच्या प्रकरणात दहापट कमांडो तयार असतात, ते जमणार नाही. जमलंच, तर परीक्षा सोपी केली असं समजा. ती मात्र चांगली कथा होईल.

मोठं दल नुसतं महाग नसतं, ते बाकीच्या फौजेला पोखरतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीचं नेतृत्व केलेल्या स्लिम यांचा खास दलांवर हाच राग होता: चांगली माणसं तिकडे ओढली जातात, मागे राहिलेल्या पलटणी कमकुवत होतात, आणि साध्या शिपायाला वाटायला लागतं की अवघड काम आपलं नव्हेच. त्याच आघाडीवरचं चिंडिट हे ब्रिटिशांचं खास दल पाहा. १९४३ मध्ये तीन हजार जण जपान्यांच्या पिछाडीला गेले, आठशेच्या वर परतलेच नाहीत, आणि परतलेल्यांतले जेमतेम सहाशे पुन्हा लढण्याजोगे उरले. १९४४ मध्ये दल वाढवून अनेक ब्रिगेडचं केलं. दल मोठं झालं की सेनापतीला ते साध्या पायदळासारखं दिसू लागतं, आणि दमलेल्या ७७ व्या ब्रिगेडला मोगाँग शहरावर समोरून चढाई करावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत इटलीत चिस्टेर्नाला अमेरिकी रेंजर्सच्या दोन पलटणी रणगाड्यांच्या तोंडी सापडल्या. ७६७ पैकी सहा परत आले, बाकीचे मेले किंवा पकडले गेले. हलकी शस्त्रं घेऊन अचानक घाव घालणाऱ्यांना उघड्यावर गाठलं की असंच होतं.

कमेंटमध्ये कोणीतरी लाल महाल काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १६६३ चा तो छापा या हिशोबाला धरूनच आहे: निवडक माणसं, एक रात्र, एक लक्ष्य आणि परतीची वाट आधी ठरलेली. त्या माणसांनी पुणं ताब्यात ठेवायचा प्रयत्न केला नाही.

कथांमध्ये नेमका तोच प्रयत्न होतो. वॉरहॅमर ४०,००० या गेममधले स्पेस मरीन, म्हणजे तिथले कमांडो, घ्या. साधारण हजार चॅप्टर (म्हणजे दलं), प्रत्येकी हजार माणसं, आणि साम्राज्यात दहा लाख ग्रह. ग्रहामागे एक माणूस! लोक याला हसतात, मला तो आकडा तितका वाईट वाटत नाही, कारण ओझं वाहायला अब्जावधींचं साधं सैन्य ठेवलंय. खटकतं ते शंभर जणांनी ग्रह जिंकून तो राखायला घेतला की. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. हजार कमांडो तीन पाळ्यांत ठेवले तर एका वेळी ३३३ जागे, म्हणजे ३७ हजार मुंबईकरांमागे एक. चर्चगेटला लोकल बंद पडली तरी आवरणार नाही.

सगळं केंद्रातून पाठवायची गरजही नसते. गडचिरोलीत १९९० मध्ये ६० जणांपासून सी-६० हे नक्षलविरोधी पोलीस पथक उभं राहिलं. स्थानिक पोरं, गोंडी बोलणारी, जंगलाच्या वाटा पायाखालच्या. हे काम बाहेरून आलेला कितीही तयारीचा कमांडो करू शकला नसता. तुमच्या दहा हजार ग्रहांवर असे साठ-साठ जण ठेवले तर सहा लाख होतात. त्यांना आंतरतारकीय यान नको, सत्तावीस यानांचा ताफा नको, त्यामुळे खर्च फार कमी. केंद्रीय साठ हजार पोहोचेपर्यंत ४८ तास घेरा धरायचा आणि आत काय चाललंय ते अचूक कळवायचं, हे त्यांचं काम. माझ्या मते बहुतेक कथांमध्ये हा मधला थरच गायब असतो.

क्लोन करणाऱ्यांसाठी वेगळी नोंद. माणसं साच्यातून काढली तर दहातला एक टिकण्याची अट आणि बाकीच्या पलटणी पोखरल्या जाण्याचा त्रास, दोन्ही गेले. शिक्षकांची टंचाई मात्र राहते. आणि एक नवी भानगड येते: सगळे एकाच रचनेचे, म्हणजे शत्रूला एकाची खोड कळली की सगळ्यांची कळली. तेव्हा किमान दहा-बारा वेगळे साचे ठेवा आणि एका ट्रूपमध्ये एकाच साच्याचे चारपेक्षा जास्त नकोत.