रोमेल तुमचा कोण लागतो?

माझा भाचा नववीत आहे. एक रविवार सोडून एक तो ऐरोलीहून ठाण्याला येतो, कारण माझ्या हॉलमध्ये सहा बाय चारची प्लायवूडची फळी आहे आणि तिच्यावर आम्ही चार-पाच तास लढाया खेळतो. इंचभर उंचीचे हाताने रंगवलेले प्लॅस्टिकचे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि नियमांची जाडजूड वही. बायको याला भातुकली म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. लिबियाचं वाळवंट करायला मी एकदा फेव्हिकॉलवर रवा पसरला होता. आठवड्याभरात मुंग्यांनी टोब्रुक घेतलं. तेव्हापासून खरी वाळू चाळून वापरतो.

गेल्या खेपेला भाचा म्हणाला, "मामा, आज टोब्रुक. रोमेल मी." रोमेल म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन फौजेचा सेनापती, आणि टोब्रुक म्हणजे त्याने जिंकलेलं लिबियातलं बंदर. म्हटलं घे, कोणीतरी जर्मन व्हायलाच लागतं. तर म्हणतो, "तसं नाही, चांगल्या बाजूने कोणीतरी खेळायला पाहिजे ना." आणि त्याने मोबाइल पुढे केला.

'शाळेत न शिकवलेला खरा इतिहास' असं वर लिहिलेला तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीन वेळा आला, त्यातला एक सख्ख्या ताईकडून. सोसायटीच्या ग्रुपवरून तिच्याकडे आला, तिने न वाचता घरच्या ग्रुपवर ढकलला. त्यात पाच गोष्टी ठोकून दिल्यात. एक, जर्मनीची सरकारी फौज, म्हणजे वेर्माख्ट, निष्कलंक होती. जी पापं झाली ती हिटलरच्या एसएसवाल्यांची, म्हणजे नाझी पक्षाच्या स्वतःच्या सशस्त्र दलाची. दोन, रोमेल सभ्य सेनापती, हिंदी सैनिकांबद्दल त्याला विशेष प्रेम. तीन, एक टायगर रणगाडा शत्रूच्या दहांना पुरून उरायचा, जर्मनी हरली ती थंडीमुळे. चार, हिटलर भारताचा मित्र, आपले जे त्याच्याविरुद्ध लढले ते इंग्रजांचे भाडोत्री, ते युद्ध आपलं नव्हतंच. पाच, जगभरचे वॉरगेमर (म्हणजे आमच्यासारखे लढाया खेळणारे) आणि हेवी मेटल संगीताचे बँड या फौजेला सलाम करतात. शेवटी तिरंगा, जोडलेले हात, 'पुढे पाठवा'.

सोपं आधी संपवतो. टायगर जबरदस्त रणगाडा होता, मान्य. माझ्याकडे त्याची दोन मॉडेल आहेत आणि फळीवर तो समोर आला की माझ्याही पोटात गोळा येतो. पण तो बनला किती? १,३४७. अमेरिकेचे शर्मन रणगाडे बनले ४९ हजारांच्या आसपास. आणि ज्या फौजेच्या यांत्रिक ताकदीचे पोवाडे गायले जातात ती जून १९४१ मध्ये रशियात शिरली तेव्हा तिच्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते. बहुसंख्य जर्मन पायदळ पायीच चाललं, तोफा घोड्यांनी ओढल्या. घोड्यांची मॉडेल कोणी विकत घेत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. थंडीचं म्हणाल तर रशियात थंडी पडते हे नेपोलियनलाही कळून चुकलं होतं.

आता निष्कलंक फौज. इथे मात्र माझा संयम संपतो.

१९४१ ते १९४५ मध्ये जर्मनांनी सोव्हिएत युनियनचे सुमारे ५७ लाख सैनिक कैद केले. त्यातले सुमारे ३३ लाख मेले. ख्रिस्टियान श्ट्राइट या जर्मन इतिहासकाराने १९७८ साली हा हिशेब मांडला, आणि तो रशियन प्रचारपत्रकांवरून नाही, जर्मन फौजेच्या स्वतःच्या कागदांवरून. काही इतिहासकार आकडा कमी धरतात. बरं, २५ लाख धरा. भाच्याला म्हटलं, २०११ च्या जनगणनेत ठाणे आणि नवी मुंबई ही दोन शहरं मिळून तीस लाखांच्या आत होती. तुझी शाळा, माझी सोसायटी, ऐरोली, कोपरी, वाशी, सगळी धर. तो गप्प झाला.

हे कैदी एसएसच्या ताब्यात नव्हते. त्यांच्या छावण्या फौजेच्या, पहारा फौजेचा, शिधा फौजेचा. छावणी म्हणजे बहुतेक ठिकाणी काटेरी तारेचं कुंपण घातलेलं उघडं मैदान. ऑक्टोबर १९४१ मध्ये फौजेच्या क्वार्टरमास्टर जनरलने, म्हणजे रसदप्रमुख एडुआर्ड वाग्नरने, शिधा कापला, आणि पुढच्याच महिन्यात अधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं की जे कैदी काम करू शकत नाहीत त्यांनी उपाशी मरायचं. फेब्रुवारी १९४२ पर्यंत वीसेक लाख मेले होते. कोणी म्हणेल धान्यच नव्हतं, काय करणार. याच जर्मनांच्या कैदेत इंग्रज आणि अमेरिकन सैनिकही होते. त्यातले शंभरातले चारेक दगावले. धान्य कोणासाठी नव्हतं ते यावरून समजा.

आणि हुकूम? पकडलेल्या राजकीय कमिसारांना, म्हणजे सोव्हिएत फौजेतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिकाऱ्यांना, गोळ्या घाला, हा ६ जून १९४१ चा हुकूम सेनादलांच्या सर्वोच्च कार्यालयातून निघाला, स्वारी सुरू व्हायच्या सोळा दिवस आधी. म्हणजे रागाच्या भरात घडलेलं काही नव्हे. सहाव्या आर्मीचा सेनापती राइशेनाऊ याने १० ऑक्टोबरला आपल्या सैनिकांना लेखी कळवलं की ज्यूंना कठोर शिक्षा का हवी हे त्यांनी समजून घ्यावं. त्याच्या वरिष्ठाने, रुंडश्टेटने, ते पत्र इतर आर्म्यांकडे नमुना म्हणून पाठवलं. जर्मन सेनापती मानश्टाइन, ज्याच्या डावपेचांवर आम्ही वॉरगेमर लोक चहाबरोबर तासन्‌तास बोलतो, त्याने नोव्हेंबरात स्वतःच्या सहीने तसंच पत्रक काढलं. कीवजवळच्या बाबी यारला दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. बंदुका चालवल्या एसएस आणि पोलिसांनी, हे खरं. पण 'अमुक वाजता अमुक ठिकाणी जमा' ही भिंतीवर लावलेली पत्रकं छापली सहाव्या आर्मीच्या प्रचार कंपनीने. मंडप एकाचा आणि लग्न दुसऱ्याचं, असं म्हणून हात झटकता येतात का?

कोणीतरी गुगल करून सांगणार की १९९५ साली हॅम्बुर्गहून निघालेल्या वेर्माख्टच्या गुन्ह्यांच्या प्रदर्शनात काही फोटोंखाली चुकीची माहिती होती. होती. १९९९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. इतिहासकारांच्या समितीने तपासलं, २००१ मध्ये ते नव्याने उभं राहिलं, आणि मूळ निष्कर्ष जिथल्या तिथे राहिला. एवढी अर्धी भाकरी देतो, यापेक्षा जास्त नाही.

मग हा निष्कलंकपणा आला कुठून? ज्यांच्या अंगावर डाग होते त्यांनीच कपडे धुतले. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा माजी प्रमुख फ्रान्त्स हाल्डर युद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम करत होता. शेकडो जर्मन अधिकारी त्याच्या देखरेखीखाली आपल्याच लढायांचे अहवाल लिहीत होते, आणि १९६१ मध्ये त्याला त्याबद्दल अमेरिकन पदकही मिळालं. मानश्टाइनला १९४९ साली युद्धगुन्ह्यांसाठी अठरा वर्षं झाली, १९५३ मध्ये तो बाहेर, १९५५ मध्ये आठवणींचं पुस्तक. शीतयुद्ध सुरू झालं होतं, अमेरिकेला जर्मन सैनिक हवे होते. १९५० मध्ये माजी अधिकाऱ्यांनी सरळ अटच घातली की पुन्हा फौज हवी असेल तर आमची बदनामी थांबवा. आपण वॉरगेमर ज्या पुस्तकांवर वाढलो त्यातली निम्मी या कारखान्यातली. मीही त्यातलाच, कॉलेजात असताना माझंही मत या मेसेजसारखंच होतं. म्हणून जरा जास्त चिडतो.

रोमेलबद्दल एक गोष्ट नाखुशीने कबूल करतो. उत्तर आफ्रिकेतली लढाई रशियातल्या मानाने नियमांनी लढली गेली. पण जुलै १९४२ मध्ये वाल्टर राउफ या एसएस अधिकाऱ्याचं, ज्यूंना मारण्यासाठीचं एक पथक रोमेलच्या फौजेला जोडून इजिप्तकडे जायला तयार झालं होतं, आणि तिथून पुढे पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंपर्यंत. ते तिकडे पोहोचलं नाही ते रोमेलच्या सभ्यपणामुळे नाही. तो इजिप्तमधल्या अल अलामेनला अडला म्हणून. १ जुलैला देर अल शैन इथे १८व्या भारतीय ब्रिगेडने त्याला दिवसभर रोखून धरलं, त्यात ती ब्रिगेड संपली.

आणि टोब्रुक! भाच्याचं आवडतं टोब्रुक. २० जून १९४२ ला पहाटे स्टुका विमानांनी आग ओकली आणि रोमेलचा मुख्य घाव आग्नेयेकडून बसला. त्या बाजूच्या खंदकांत कोण होतं? ११व्या भारतीय ब्रिगेडमधली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. मराठी बोलणारे जवान. त्यांच्या अंगावरून पंधरावी आणि एकविसावी पँझर (म्हणजे रणगाड्यांची) डिव्हिजन गेली. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, सुमारे ३३ हजार जण कैद झाले आणि रोमेल लगेच फील्ड मार्शल झाला. मेसेजवाल्याच्या त्या 'विशेष प्रेमा'चं म्हणाल, तर आफ्रिकेत पकडलेले कैदी ठरल्याप्रमाणे इटालियनांकडे सोपवले जायचे. पाहुणचार करायला रोमेलकडे कैदी राहतच नव्हते.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने फळीच्या आग्नेय कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मी वर्षानुवर्षं इंग्रज सैनिक मांडत आलोय.

मेटलचं प्रकरण मजेशीर आहे, कारण इथे मेसेजवाला माझ्याच गल्लीत शिरलाय. २००८ साली बीकेसीच्या मैदानावर आयर्न मेडन या मेटल बँडच्या मैफलीला मी होतो, तीन दिवस कान वाजत होते, आई म्हणाली भुताने धरलंय. मेटलमध्ये युद्ध ठासून भरलेलं आहे आणि वॉरगेमिंगशी त्याची जुनी सोयरीक आहे. बोल्ट थ्रोअर या इंग्लिश बँडचं नावच वॉरहॅमर या खेळातल्या हत्याराचं. पण सलाम? मेडनच्या घोडदळावरच्या प्रसिद्ध गाण्यात गाणारा सैनिक शेवटी मरतो. ब्लॅक सॅबथने १९७० मध्येच सेनापतींना डुकरांच्या पंगतीला बसवलं. मेसेजवाल्याचा पुरावा म्हणजे सबाटन हा स्वीडिश बँड, आणि त्यात अर्धं खरं आहे: रोमेलच्या सातव्या पँझरवर त्यांचं गाणं आहे आणि मैफलीची सुरुवात ते बऱ्याचदा त्यानेच करतात. मलाही ते आवडतं, लपवत नाही. पण याच बँडच्या २०१० च्या अल्बममध्ये ज्यूंच्या संहारावर गाणं आहे, आणि २०१४ च्या अल्बममध्ये विटोल्ड पिलेत्स्कीवर. हा पोलिश अधिकारी १९४० मध्ये मुद्दाम अटक करवून घेऊन आउशविट्झच्या नाझी छळछावणीत शिरला, आत काय चाललंय ते बाहेर कळवायला. एक गाणं ऐकून उरलेली सोडायची, याला पुरावा म्हणत नाहीत, प्लेलिस्ट म्हणतात. खरोखर नाझी असलेले काही बँडही आहेत, सडके. त्यांना जगभर मेटलवालेच हाकलतात.

राहिला भारताचा मित्र. हिटलरने आत्मचरित्रातच लिहून ठेवलंय की भारत दुसऱ्या कोणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांकडे राहिलेला त्याला बरा. २९ मे १९४२ च्या भेटीत नेताजींनी त्या लिखाणाचा विषय त्याच्या तोंडावर काढला होता. नेताजींची जर्मनीला जाण्याची कारणं वेगळी, त्यांचा हिशेब वेगळा. तो हिटलरच्या खात्यात जमा करू नका.

आणि भाडोत्री हा शब्द. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबरचं खोरं, समोर हीच वेर्माख्ट. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडले, मेले किंवा जखमी. हा माणूस एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्बने गन आणि गनर उडवला, आणखी एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत आपले पाच हजारांहून जास्त मेले. ते कोणाच्या झेंड्याखाली लढले यावर खुशाल वाद घाला, मीही घालतो, पोटासाठी गेले म्हणा, ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण ज्यांनी त्यांना मारलं त्यांना 'चांगली बाजू' म्हणायचं आणि यांना भाडोत्री, आणि खाली तिरंगा चिकटवायचा? ऐरोलीहून माणगाव तीन तासांवर आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणी तिकडे गेलंय?

ताईला फोन करून एवढं सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "अरे मी फक्त फॉरवर्ड केलं." तिने तो डिलीट केला, सोसायटीच्या ग्रुपवर मात्र अजून फिरतोय.

पुढच्या रविवारी पुन्हा टोब्रुक आहे. भाचा रोमेलच घेणार, त्याला रणगाडे हवेत, हरकत नाही. दुसऱ्या मराठा बटालियनची तयार पेटी काही बाजारात मिळाली नाही, म्हणून आठव्या आर्मीचे इंग्रज सैनिक काढून त्यांचे चेहरे आणि हात नव्याने रंगवतोय. कुठला तपकिरी घ्यायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो माझ्या हाताला लावून बघ.